पांजणीची जागा

भिलाई
ता. ४ जून १९७८

ती. ताईस,
जागेश्वरचे शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. भट्टीवरची माझी पाळी या महिन्यात सकाळची आहे, त्यामुळे संध्याकाळी घरात माणसासारखा बसू शकतो. तू दिलेल्या आंबापोळीवरून मुलांची रोज भांडणं होतात. भांडण मिटवायला म्हणून उरलेली मीच खाल्ली, तेव्हा पुन्हा पाठव.

मे महिन्यात नागपूरला आलो होतो तेव्हा एक गोष्ट बोलायची राहून गेली. मायसमोर धीर झाला नाही, म्हणून तुला लिहितो. आपल्या परसातली चिंचेखालची जागा घरापासून मागच्या कुंपणापर्यंत पंचवीस हात लांब आहे आणि तिथे गवताची काडीसुद्धा नाही. जमीन तव्यासारखी. माय सत्तरीला आली तरी सकाळी उठून तिथला पाला झाडते आणि दिवसभर खोकते. कुंपणापलीकडे आरा मशीन चालवणारे आनंदराव मला लकडगंजच्या चौकात भेटले होते. चंद्रपूरकडून येणारे सागाचे ओंडके रचायला त्यांना जागा हवी आहे. चिंच पाडून जागा मोकळी करून दिली तर ते दहा वर्षांचा करार करायला तयार आहेत. चिंचेचं लाकूडही तेच नेतील. खाटकाच्या ठोकळ्याला त्याच्यासारखं दुसरं लाकूड नाही, असं म्हणत होते.

बाबा गेल्यापासून घर तिघांच्या नावावर आहे. तेव्हा कागदावर तू आणि मी सही करायची, माय अंगठा देईल. तिला इतक्यात सांगू नकोस. दसऱ्याला येईन तेव्हा मी समजावीन. उजाड जागेसाठी दोघींनी कंबर मोडून घ्यावी यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

मायला नमस्कार. तुझी शाळा सुरू होण्याआधी उत्तर पाठव, कारण शाळा सुरू झाली की तू फक्त वह्यांशी बोलतेस.

तुझा,
जागेश्वर

◆

नागपूर
ता. १० जून १९७८

चि. जागेश्वर यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आंबापोळी पाठवते आहे, ती मुलांसाठी आहे असं वर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. मी घाईनं उत्तर देणारी नाही हे तुला माहीत आहे. माझ्या रोजच्या वहीत मधोमध रेघ आखली आणि एका बाजूला तुझी कारणं लिहिली, दुसऱ्या बाजूला माझी. तुझी सहा झाली. माझी दोनच झाली, आणि त्यातलं एक प्रामाणिकपणे खोडावं लागलं, कारण चिंचेच्या सावलीनं घर गार राहतं असं मी लिहिलं होतं आणि ती सावली दुपारी घरावर पडतच नाही. उरलं ते एक कारण असं, की मला ती चिंच हवी आहे. हे कारण आहे की हट्ट आहे, याचा मी दोन दिवस विचार केला. हट्ट असावा. तरी सही करणार नाही.

मात्र "उजाड" हा तुझा शब्द मला लागला, कारण तो खरा आहे. म्हणून मी तुला माझा शब्द देते. दसऱ्याच्या दिवशी त्या झाडाखाली एक हात लांब आणि एक हात रुंद एवढं जरी हिरवं उगवलेलं नसलं, तर मी निमूट सही करीन. असलं, तर तू हा विषय जन्मात पुन्हा काढायचा नाहीस. मोजायला शाळेतली पट्टी वापरू. माझ्या हातानं मोजलं तर तू भांडशील, तुझ्या हातानं मोजलं तर मी हरेन.

मायला मी काही सांगितलेलं नाही. तू म्हणालास म्हणून नव्हे. तिला झाडाचं ऐकून त्रास होईल असं मला वाटलं. हे बरोबर केलं की नाही, ते मात्र वहीत अजून लिहिता आलेलं नाही.

मुलांना गोड पापा. माझ्यावरचा लोभ कुऱ्हाडीपासून दूर ठेवावा.

तुझी,
चंद्रकलाताई

◆

भिलाई
ता. १७ जून १९७८

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तुझी अट मंजूर. पट्टी मंजूर. दसराही मंजूर. पण बी.ए.ला तू तर्कशास्त्र घेतलं होतंस, झाडापानांचं शास्त्र नव्हे, याची आठवण देतो. चिंचेखाली काही उगवत नाही हे आनंदराव सांगतात, भाजीवाली सांगते, इथला माझा हमाल रुपरावसुद्धा सांगतो.

त्या जागेबद्दल तुला इतकी माया का, ते मला कळत नाही. तू सकाळी कॉलेजात जायचीस. तिथे मागावर चढवायच्या उभ्या सुताच्या, ताण्याच्या, टोकाला धरून उभा असायचो तो मी. बाबा आणि माय खळ लावत दोन बाजूंनी फेऱ्या मारायचे, खाली खळ गळायची आणि ती चाटायला मुंगळे यायचे. मुंगळे पायावर चढले तरी टोक सोडायचं नाही, सोडलं तर सूत सैल पडायचं आणि बाबा ओरडायचे. आठव्या वर्षी मी तिथेच उभा राहून ठरवलं होतं की मोठा झालो की हे झाड पाडीन. म्हणजे हट्ट आपल्या घरात तुझ्या एकटीच्या वाट्याला आलेला नाही.

मायला नमस्कार. लोभ आहेच, मुंगळ्यांवर नाही.

तुझा,
जागेश्वर

◆

नागपूर
ता. १६ जुलै १९७८

चि. जागेश्वर यास अनेक आशीर्वाद.

पाऊस चांगला आहे. मायचा खोकला कमी आहे. ही झाली तुला बरी वाटणारी बातमी. आता माझी ऐक.

पहिल्यांदा मी शाळेच्या मैदानावरून हराळीचे गड्डे आणून लावले. आठ दिवसांत पिवळे पडले. मग माझ्याबरोबर शिकवणाऱ्या शोभाताईंचे दीर देवराव, ते शेतकी खात्यात असतात, त्यांना घरी बोलावलं. त्यांनी जमिनीवर टाच आपटून पाहिली आणि विचारलं, इथे रस्ता होता का? मी म्हटलं, विणकराचं घर आहे, इथे ताणा लागायचा. ते म्हणाले, मग बरोबर, ही जमीन पायांनी ठोकलेली आहे, दोष झाडाचा नाही. हे वाक्य मी वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. तुझ्या आनंदरावांना, भाजीवालीला आणि रुपरावांना कळव.

देवरावांनी सांगितलं की खोल खणू नका, मुळं वरवरच आहेत. बुंध्याशी मातीचा ढीग घालू नका, साल कुजते. हराळीला ऊन लागतं, तिचा नाद सोडा. मुळांच्या मधल्या जागा हातखुरप्यानं उकरा, चार बोटं कुजका पाला पसरा, आणि सावली चालणारं लावा, हळद किंवा धोपा, म्हणजे अळू. आणि पडलेला पाला झाडू नका, तोच पुढं खत होतो.

मी सगळं तसंच केलं. हळदीची चाळीस बोटं लावली, धोप्याचे बारा कांदे. मायला सांगितलं की आता पाला झाडायचा नाही. ती बरं म्हणाली. हळदीला कोंब आले, दिसामाशी नव्हे तर रोज एकेक. पण गंमत अशी की मी मोजून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी दोन कमी असतात. मुळासकट नाहीसे. तुकडा नाही, पान नाही. शेजारच्या कुसुमताईंची शेळी कुंपणाच्या भोकातून येताना मी एकदा पाहिली होती. परवा मी जाऊन त्यांना बोलले, जरा जास्तच बोलले. त्या म्हणाल्या, माह्या शेळीनं हळद खाल्ली असती तं दूध पिवळं देल्लं असतं. आता आमच्यात बोलणं नाही. मायला हे सांगितलं तर ती उलट शेळीच्याच बाजूनं दिसली.

भोक बुजवलं आहे. दसऱ्याला अजून तीन महिने आहेत. तू पट्टीला तेल लावून ठेव. आशीर्वादाला कमी नाही, तो पैजेत मोजू नये.

तुझी,
चंद्रकलाताई

◆

नागपूर
ता. २० ऑगस्ट १९७८

चि. जागेश्वर यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र लिहायला मला तीन दिवस लागले. तुला कळवायलाच हवं का, असंही वाटून गेलं. पण तुझ्यापासून लपवून जिंकणं ही माझी रीत नाही.

गुरुवारी आमच्या शाळेच्या एका जुन्या शिक्षिका वारल्याची बातमी आली आणि साडेसातलाच शाळा सुटली. मी आठ वाजता घरी पोचले. परसात पाहते तो माय चिंचेखाली उकिडवी बसलेली. बाजूला सूप. ती हळदीचा एकेक कोंब बोटांनी मोकळा करून, माती झटकून, सुपात ओळीनं ठेवत होती. मागे सगळी जागा झाडून लख्ख केलेली. मी सकाळी सातला घराबाहेर पडले की ती रोज झाडायची आणि मी पसरलेला पाला टोपलीत भरून कुंपणाशी टाकायची. मी परत येईपर्यंत थोडा नवा पाला गळालेला असायचा, तो पाहून मी समाधान मानायची. शेळीचा काही संबंध नव्हता.

मी ओरडले, हे मान्य करते. तिनं वर पाहिलं आणि मलाच विचारलं, पांजणीच्या जागेत झाडं काहून लावून राहिली वं? पांजणी, म्हणजे ताण्याच्या सुताला खळ लावायचं काम, आपल्या घरात सतरा वर्षांपूर्वी थांबलं. मी तिला तेच म्हटलं. माग विकला त्याला सतरा वर्षं झाली, माय. त्यावर ती म्हणाली, माग इकला, जागा नाही इकली. आणि पुन्हा खाली बसून उरलेले कोंब काढायला लागली.

आणखी एक. तिनं काढलेला एकही कोंब फेकलेला नाही. न्हाणीमागे, जिथे सांडपाणी जातं आणि ऊनही येतं, तिथे सगळे लावले आहेत. हळद माझ्या गुडघ्याला लागली आहे, धोप्याची पानं सुपाएवढी झाली आहेत. मी तिकडे महिन्यात फिरकले नव्हते. तू विचारण्याआधीच सांगते, ते हिरवं मी पैजेत धरणार नाही. अट झाडाखालची होती.

आता मला छळतं आहे ते वेगळंच. माय आणि बाबा तिथे फेऱ्या मारायचे तेव्हा मी कॉलेजात असायचे हे तू लिहिलंस, ते खरं आहे. पण अर्धंच. सुटीत माझ्या मैत्रिणी यायच्या तेव्हा मी त्यांना पुढच्या खोलीत बसवून मधलं दार लावून घ्यायची. मागे माय कोपरापर्यंत खळ माखून कुंचा फिरवते आहे, ते त्यांना दिसू नये म्हणून. मग मला तिथे हिरवं हवं होतं ते चिंच वाचवायला, की ते दार अजून लावूनच घ्यायला? वहीत हा प्रश्न लिहिला आहे. खाली उत्तरासाठी जागा सोडली आहे.

कुसुमताईंकडे जाऊन माफी मागून आले. त्यांनी चहा दिला, पण दूध शेळीचंच होतं आणि ते त्यांनी दोनदा सांगितलं.

मुलांना आशीर्वाद. या वेळी लोभाबद्दल काही मागत नाही, मीच स्वतःला तपासते आहे.

तुझी,
चंद्रकलाताई

◆

भिलाई
ता. २७ ऑगस्ट १९७८

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसलो, मग हसणं थांबलं. पण एक सांग, माय स्वतःच माझ्या बाजूनं खेळते आहे, मग भांडण कशाचं? तिला ती जागा मोकळी हवी, आनंदरावांनाही मोकळीच हवी. विनोद सोड. मला तिची काळजी वाटते. सतरा वर्षं बंद पडलेल्या कामासाठी रोज अंगण झाडणाऱ्या बाईला तिथून हलवलं पाहिजे, तिथे बसू देऊन चालणार नाही. चिंच गेली, ओंडके आले, की तिचं झाडणं आपोआप सुटेल. दोघी काही दिवस इकडे या. क्वार्टर मोठं आहे.

अट तीच, दिवस तोच. तू शब्द मोडणारी नाहीस, म्हणून मी आनंदरावांना होकार कळवला आहे. राग आला असेल तर पत्रातून शिव्या दे, पण लोभ बंद करू नकोस.

तुझा,
जागेश्वर

◆

नागपूर
ता. ५ सप्टेंबर १९७८

चि. जागेश्वरले मायचा आशीर्वाद.

हे पत्र मी कुसुमताईच्या हातानं लिहून राहिली. तुही ताई शाळेत गेली. तिले सांगतलं नाही. तुमी दोघांनी मले तीन महिने सांगतलं नाही, तं मी काहून सांगू?

परवा मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निंघाली. मी इतवारीच्या रस्त्यावर जाऊन उभी राहिली. लोक वरडत होते, इडा पिडा घेऊन जाय गे मारबत. मी म्हनलं, त्या आनंदरावाचे ओंडकेबी घेऊन जाय गे मारबत. कारन चंद्रकलानं आदल्या दिवशी मले सगळं सांगून टाकलं होतं, तुमची पैज, तुहा कागद, सगळं. रडून राहिली होती. मी म्हनलं, तू काहून रडतं वं? रडाचं तं मी पाह्यजे. झाड माह्या सासऱ्यानं लावलं, जागा माही, आन् पैज तुमी लावता, जशी मी मेली.

(माझ्या शेळीचं नाव उगीच घेतलं होतं, हे मी इथे मधेच लिहून ठेवते. लिहिणार, कुसुम.)

तू म्हनतं, मायले काही समजत नाही, बंद कामाची जागा झाडत बसते. अरे बाबू, मले समजते की माग नाही. मी आंधळी नाही. पन ते जागा उजाड नाही, ते आमी केली. तुह्या बापानं आन् मी तीस वर्स पायानं ठोकली. खाली बारीकसा कचरा असला तं वारा येते आन् वल्या सुताले चिकटते, मंग तो धागा मागावर तुटते. म्हनून तिथं काडी राहू द्याची नाही. ज्याच्या पांजणीच्या जागेत गवत दिसलं, त्याच्या घरचा माग बसला म्हनून कोष्टीपुऱ्यात सांगत. तुह्या बापाले मरेपर्यंत कोनी असं म्हनलं नाही. आन् चिंच बी उगीच नाही. उन्हात खळ लवकर वाळते, सूत कडक होते, म्हनून सावली लागते. खळ बी तिच्याच चिंचोक्याची. तू मुंगळ्याचं सांगतं, चिंचोक्याचं विसरला.

आता आयक. टिमकीचे नत्थूजी तुले याद असन, तुह्या बापाचे जोडीदार. त्यायचा माग अजून चालू आहे. पन त्यायच्या गल्लीत डांबर पडलं. ताणा लावला की स्कूटरवाला भोंपू वाजवते, एकानं तं ताण्यातूनच सायकल काढली. ते माग बंद कराले निंघाले होते. मी रिक्षा करून गेली. म्हनलं, नत्थूजी, माही जागा झाडून ठेवली आहे, सतरा वर्सं झाली, तुमी कवा येता? बुढा रडला नाही, पन पान थुकाले बाहेर गेला तो लवकर आलाच नाही.

दसऱ्याले ये. झाडाखाली हिरवं दिसनार नाही, हे मीच तुले सांगते. तुही पैज तू जितशीन. मंग आन कागद, पाहू.

सुनेले आन् लेकराइले आशीर्वाद. टायमावर जेवत जाय. मायचा राग धरला तं धर, मी बी धरला आहे.

रुख्माबाई
(इथे त्यांचा अंगठा उमटवला आहे. म्हणाल्या, शाई भरपूर लाव, पोराला नीट दिसला पाहिजे. कुसुम.)

◆

भिलाई
ता. ३ ऑक्टोबर १९७८

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

दसऱ्याला येता येत नाही. भट्टीची दुरुस्ती निघाली आहे आणि सुटी रद्द झाली. तू म्हणशील, पळाला. म्हण.

मायचं पत्र मी मुलांना वाचून दाखवलं. धाकट्यानं विचारलं, पांजणी म्हणजे काय? इथे ती दिवसभर हिंदीत बोलतात, मला हिंदीत सांगताच येईना. शेवटी टॉवेल खाटेला बांधून दाखवलं. बायको म्हणाली, भट्टीवरचा माणूस टॉवेलाला खळ काय लावतो.

तरीपण ताई, नत्थूजी पंच्याहत्तरीचे आहेत. ते किती वर्षं ताणा लावणार? तू आणि माय दोघीच असता. मी इथून कितीदा धावत येऊ? हे सगळं मनात ठेवून मी कागद पाठवतो आहे. माझी सही केली आहे. खाली तुझी आणि मायची जागा आहे. आनंदरावांचा वकील म्हणतो, तिघांपैकी एक खूण नसली तरी कागद चालणार नाही. तुझ्या शब्दावर माझा भरवसा आहे, मायबद्दल मी काही लिहीत नाही.

लोभ दोन्ही बाजूंनी ताणलेला आहे, तुटू देऊ नये.

तुझा,
जागेश्वर

◆

नागपूर
ता. १३ ऑक्टोबर १९७८

चि. जागेश्वर यास अनेक आशीर्वाद.

कागद मिळाला. आधी पैजेचं सांगते. दसऱ्याच्या सकाळी मी पट्टी घेऊन चिंचेखाली गेले. जागा नेहमीसारखी झाडलेली होती. सगळी तपासली. मागच्या बाजूला एका मोठ्या मुळाच्या खोबणीत, जिथे मायचा झाडू पोचत नाही, हराळीची दोन पानं होती. मोजली. दीड बोट भरली. हातभर नव्हतं. मी हरले. कागदावर तारीख घालून स्वच्छ सही केली आहे, ती तुला दिसेल. शब्द दिला होता, तो पाळला. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही, आणि तुला बरं वाटत असेल तर वाटू दे.

दसऱ्याला अवजारानं काम करायचं नसतं, म्हणून त्या दिवशी नत्थूजींचा मागावरचा धोटा आणि मायचा जुना कुंचा चिंचेखाली पाटावर मांडून पूजा झाली. कुंचा तिनं इतकी वर्षं माळ्यावर फडक्यात बांधून ठेवला होता, मला माहीत नव्हतं. ताणा लागला तो काल. नत्थूजी आणि त्यांच्या जनाबाई हातगाडीवर सूत घेऊन सहालाच आले. पंचवीस हात पांढरं सूत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलं गेलं आणि खालची जमीन मला पहिल्यांदा नीट दिसली. तिला उतार नाही. खड्डा नाही. मुळंसुद्धा दोन बाजूंना सरकलेली आहेत, मधे चालायची वाट सोडून. देवरावांनी विचारलं होतं, इथे रस्ता होता का. होता.

एका बाजूनं नत्थूजी, दुसऱ्या बाजूनं माय. तिसऱ्या फेरीला तिला खोकला आला तेव्हा तिनं कुंचा माझ्या हातात दिला. जगात कुणालाही हात नसावेत इतका मला माझ्या हातांचा राग आला. पहिल्याच फटक्यात चार धागे तुटले. जनाबाई म्हणाल्या, बी.ए. झाली म्हनते, आन् गाठ मारता येत नाही. माय म्हणाली, तिले कोनी शिकवलंच नाही, दार लावून बसायची. म्हणजे तिला सगळं माहीत होतं. पंचवीस वर्षं माहीत होतं आणि कधी बोलली नाही. मी गाठी मारायला तिथेच शिकले. नऊ वाजता मधल्या सुटीत, मी शाळेत दिसले नाही म्हणून, शोभाताई आणि आणखी दोघी मला शोधत आल्या. मी त्यांना मागे परसातच बोलावलं. कोपरापर्यंत खळ होती. वहीत सोडलेल्या जागेत उत्तर लिहिलं आहे.

कुंपणापलीकडून आनंदराव पाहत होते. त्यांनी विचारलं, हे रोज चालणार का? नत्थूजी म्हणाले, रोज नाही, आठवड्यातून दोनदा, आन् टिमकीतले आनखी तिघं इचारून राहिले. आनंदरावांनी आरा बंद केला, कारण भुसा उडून सुतावर येतो असं माय त्यांना ओरडून म्हणाली. बंद केला, खरंच.

दुपारी मी मायला कागद वाचून दाखवला. शब्दन्‌शब्द, एकदाही न गाळता. तिच्या बाजूनं एक वाक्यही बोलले नाही, कारण मी हरलेली होते. शाळेतून शाईची गादी आणली होती, ती तिच्यापुढे ठेवली. ती नुकतीच खळीचं भांडं खरवडून उठली होती. तिनं गादीकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि खळीनं माखलेला अंगठा तिच्या नावापुढे दाबला. म्हणाली, घे, देल्ला अंगठा. मी म्हटलं, माय, हा दिसणार नाही. ती म्हणाली, दिसायले काहून पाह्यजे? खळ दिसते का सुतात? दिसत नाही, पन सूत तुटत नाही. जागेश्वरले सांग, मायनं अंगठा देल्ला. वकिलाले दिसत नसन तं त्याले म्हना, डोया तपासून घे.

तेव्हा कागद सोबत पाठवते आहे. तिच्या नावापुढे तो जरासा कडक झाला आहे, एवढंच. तुझ्यापासून मी काहीही लपवलेलं नाही.

चिंच आहे. जागा झाडलेली आहे. तू हवं तर उजाड म्हण, मी आता तो शब्द खोडला आहे. मुलांना आशीर्वाद, तुझ्यावर लोभ पूर्वीइतकाच, सही मात्र पुन्हा मागू नये.

तुझी,
चंद्रकलाताई

◆

(कार्ड)

भिलाई
ता. २० ऑक्टोबर १९७८

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

कागद मिळाला. आनंदरावांना आज नकार कळवला. कारण विचारतील तर सांग, एक अंगठा कमी पडला.

दिवाळीला चार दिवस येतो. मुलांनाही आणतो, ताण्याचं टोक धरायला दोन माणसं होतील. मुंगळ्यांचं मी त्यांना सांगितलेलं नाही.

कागदावर अंगठ्याच्या जागी बोट फिरवून पाहिलं, दोनतीनदा पाहिलं. खळ घट्ट झाली आहे. चिंचोका जास्त पडला असेल. एवढ्या घट्ट खळीनं सूत कुंच्याला चिकटेल, बाबा असते तर ओरडले असते. मायला सांग. तूच सांग, माझी हिंमत नाही.

तुझा,
जागेश्वर